पापणीखालचा पांढरा रंग

"डॉक्टरसाहेब, बाई माती खाऊन राहिली. गोठ्याची भिंत कोरून कोरून खाते. डोकं फिरलं तिचं. मी तिच्या भाच्याले फोन केला, रविवारी येऊन घेऊन जाईन म्हणते."

मूर्तिजापूरजवळच्या वृद्धाश्रमाचे सचिव वानखडे मला फाटकातच गाठून हे सांगत होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी अकोल्याहून दर आठवड्याला तिथे जातो. बी.पी. बघायचं, शुगर बघायची, चहा घ्यायचा आणि परतायचं.

बाई म्हणजे यशोदाबाई. वय सत्तरीच्या पुढे, मूलबाळ नाही. महिनाभर त्या जिना चढताना थांबत होत्या, जेवण टाकत होत्या. मी त्याला वयाचं नाव देऊन मोकळा झालो होतो.

माती म्हटल्यावर मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शरीरातलं लोह फार कमी झालं, की काही माणसांना माती, खडू, कच्चे तांदूळ असलं काहीबाही खाण्याची अनावर ओढ लागते. डॉक्टरी भाषेत त्याला पायका म्हणतात. ते वेड नव्हे. गरोदर बायांमध्ये आम्ही हे नेहमी बघतो, म्हाताऱ्या माणसात बघायची सवय नसते.

जेवणाची वेळ होती. सगळे हॉलमध्ये ताटावर बसलेले. मी तडक यशोदाबाईंजवळ गेलो, अंगठ्याने त्यांची खालची पापणी ओढली. आत लाली हवी, तिथे पांढरंफटक.

"वानखडे, इकडे या. बघा सगळ्यांनी," मी मोठ्याने म्हणालो. "या माती खातात ते वेडाने नाही. अंगात रक्त नाही म्हणून खातात. यांना इथून हलवायचं नाही."

मला वाटलं, मी त्यांची बाजू लढवली. खरं सांगायचं तर मी रुबाब करत होतो.

यशोदाबाईंनी माझा हात बाजूला केला. "झालं दाखवून?" एवढंच म्हणाल्या आणि अर्धं ताट सोडून खोलीत गेल्या.

रक्त त्यांनी कसंबसं काढू दिलं. रिपोर्ट आला तसा मी तो घेऊन पुन्हा आश्रमात गेलो. हिमोग्लोबिन साडेसहा. बाईमाणसाला बाराच्या आसपास तरी हवं. फेरिटिन, म्हणजे लोहाची शिल्लक, जवळपास संपलेली. या वयात लोह नुसतं जेवणातून कमी पडत नाही. बहुतेक वेळा कुठून तरी रक्त जात असतं, आणि ते कुठून, हे शोधावं लागतं. कधी तो कॅन्सरही निघतो. अकोल्याला भरती करून रक्त चढवणं आणि एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बीण घालून पोट आतून बघणं, भाग होतं.

यशोदाबाई म्हणाल्या, "मले कोण्या दवाखान्यात नाही जायचं. रविवारी भाचा येते, त्याच्यासोबत जातो मी."

भाच्याकडे त्यांना कोणी तपासणीला नेणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

मी खुर्ची ओढून बसलो. "बाई, काहून असं करता?"

त्या म्हणाल्या, "मी अंगणवाडी सेविका होती, साहेब. लोहाच्या गोया वाटल्या जलमभर. एक पोट्टी होती, पोटुशी. माती खाये. मी सगळ्या बायांपुढे तिले माती थुकायले लावली. थे पुन्हा अंगणवाडीत आलीच नाही. तिचं काय झालं, मले ठाऊक नाही. आता मलेच सुटत नाही, तं कोणाले सांगू? अन् तुमी मले सगळ्याइच्या पुढे..."

माझी मान वर होईना. चाळीस वर्षं मी पेशंटच्या पापण्या ओढत आलो, पण त्या माणसाला आधी विचारावं, असं कधी मनात आलं नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"इथं खोलीत काय म्हणता? तमाशा हॉलात केला, तं माफीबी हॉलात मांगा."

मी मागितली. संध्याकाळच्या जेवणाला, वानखडेंच्या देखत. चारच वाक्यं होती. मग एका आजोबांनी वरण मागितलं.

दुसऱ्या दिवशी यशोदाबाई ॲम्ब्युलन्समध्ये बसल्या. मी सोबत होतो; वाटेत त्यांनीच सांगितलं, की गुडघ्यांसाठी मेडिकलमधून पेनकिलर आणवून त्या कित्येक महिने उपाशीपोटी घेत होत्या आणि शौचाला डांबरासारखं काळं होत होतं. असं काळं होणं म्हणजे पोटात रक्त जात असल्याची खूण, आणि हे मी आधी विचारलंच नव्हतं. एंडोस्कोपीत पोटात अल्सर निघाला, गोळ्यांनी पडलेला. कॅन्सर नव्हता. पेनकिलर बंद केल्या, रक्त चढवलं, शिरेतून लोह दिलं. थोड्या दिवसांत मातीची ओढ आपोआप गेली. भाच्याला वानखडेंनीच फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.

म्हातारं माणूस थकलं, की आधी रक्त तपासावं, वयाला दोष नंतर द्यावा. आणि तपासताना दार लावावं. एवढंच मी शिकलो, तेही निवृत्तीनंतर.

परवा मी तपासणीला बसलो होतो. यशोदाबाई आल्या, मागे त्यांच्या शेजारच्या खाटेवरच्या सिंधूबाई, पदरात काहीतरी मुठीने धरलेलं. मूठ उघडली तर कच्चे तांदूळ. सिंधूबाईंचे डोळे जमिनीवर.

यशोदाबाईंनी दार लोटलं, कडी घातली.

"बोल वं सिंधू," त्या म्हणाल्या. "डॉक्टर शिकले आता."