चाळिसावा फोटो

आता मोबाईलमध्ये हजारो फोटो आहेत, पण मला आठवतो तो एक रोल. नवा कॅमेरा घेऊन मेडशीला घरी गेलो होतो. दिवसभर आईबाबांचे फोटो काढले, तुरीच्या शेतात, चुलीपाशी, बाजेवर. कधीच फोटोला उभे न राहणारे बाबा धुतलेली टोपी घालून आले. छत्तीसच्या रोलवर चाळिसावा फोटो निघाला, तेव्हा मी मूर्ख खूशच झालो. वाशिमला रोल धुतला तर पूर्ण कोरा. फिल्मचं टोक आत अडकलंच नव्हतं, दिवसभर मी नुसतं बटण दाबत होतो. घरी येऊन चिडचिड करत सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, “जाऊ दे रे. त्या बहान्यानं तुनं दिवसभर आमच्याकडं पाह्यलं तरी.”