‘खाजगीत घेतली’ असा शेरा

“इथलं इंजेक्शन नको, सिस्टर. आमी शहरात देणार हाय, बिनतापाचं,” संतोष अंगणवाडीच्या दारातूनच म्हणाला. मागे त्याची बायको रेखा उभी होती. तिच्या कडेवर नऊ महिन्यांची आरोही.

शेंद्र्याजवळच्या एका गावात मी एएनएम आहे, म्हणजे लस टोचणारी नर्स. साडेतीन महिन्यांची लस दिली तेव्हा आरोहीच्या मांडीला गाठ आली होती, दोन दिवस तापही होता. संतोष कंपनीत कामाला. तिथल्या जोडीदारानं सांगितलं, क्रांती चौकाकडं एका डॉक्टरकडं बिनतापाची लस मिळते. तशी लस आहे, पण ती दुसऱ्या आजारांची. आरोहीला आता द्यायच्या गोवराच्या लसीत तसा प्रकारच नाही. हे मी त्याला समजावलं.

“तुमी सरकारी, तुमी तेच सांगणार,” तो हसून म्हणाला.

रेखा हळूच बोलली, “आलोच हाय तर इथंच घेऊन टाकू का?”

“पुन्यांदा पोरीचं रडणं बघायचं व्हय? एकुलती एक लेक. चांगलं ते देऊ की.”

लस नकोच म्हणणाऱ्या बापाशी मी कडाकडा भांडते. याला लेकीसाठी जास्त चांगलं हवं होतं. याच्याशी काय भांडू?

महिनाभर मी फोन करत राहिले. दर वेळी “या रविवारी जातो.” त्याची सुट्टी रविवारी आणि त्या डॉक्टरची ओपीडीही रविवारीच बंद. हे त्याला दोन हेलपाटे घातल्यावर कळलं.

महिन्याच्या शेवटी सुपरवायझर साहेब ड्यू लिस्ट घेऊन बसले. कोणत्या मुलाची कोणती लस राहिली, त्याची ही यादी.

“तुमच्या गावात एकच नाव पेंडिंग?”

“ते खाजगीत देणार म्हणतात, सर. अजून दिली नाही.”

“देतील हो, शिकलेली माणसं आहेत. ‘खाजगीत घेतली’ लिहा आणि मोकळ्या व्हा.”

हा शेरा पडला की नाव यादीतून जातं. मग गावातली आशा कार्यकर्ती त्या घरी विचारायला जात नाही, मीही फोन करत नाही. हे सगळं ठाऊक असून मी लिहिलं. साहेबांचा दबाव होता असं म्हणता येईल. खरं म्हणजे मला त्या घराचा वीट आला होता.

दोन महिन्यांनी त्यांच्या दारावर कडुलिंबाचा डहाळा दिसला. घरात गोवर निघाला की आमच्याकडे तो लावतात आणि बाहेरच्या माणसाला आत घेत नाहीत. तरी मी आत शिरले. गोवर उठल्याचा पाचवा दिवस होता. आरोहीची छाती भात्यासारखी हलत होती. मी ॲम्ब्युलन्स बोलावली, सोबत गेले. गोवरातून न्यूमोनिया झाला होता. दवाखान्यात चौथ्या दिवशी ती गेली.

नंतर जिल्ह्याहून एक डॉक्टर चौकशीला आले. त्यांच्या हातात माझं रजिस्टर होतं.

“यात तर लस घेतलेली दिसते,” ते म्हणाले.

रेखानं प्लास्टिकच्या पिशवीतून आरोहीचं कार्ड काढलं. गोवराचा रकाना कोरा होता. “नाय दिली, साहेब. खाडा करून जायाचं ठरलं व्हतं.” मग ती माझ्याकडे वळली. “सिस्टर, तुमाला वाटलं आमी दिली, व्हय ना?”

मी “हो” म्हणाले.

“सिस्टरची काय चूक नाय, साहेब,” संतोष खाली बघत बोलला. “त्या सांगत व्हत्या. म्याच आयकलं नाय.”

आता कार्डावर शिक्का बघितल्याशिवाय मी तो शेरा लिहीत नाही. माझ्या यादीत दर महिन्याला नावं पेंडिंग राहतात आणि मीटिंगमध्ये मी बोलणी खाते. संतोष कंपनीच्या बसची वाट बघत फाट्यावर उभा असतो. मला बघून तो मान खाली घालतो. खरं काय ते त्याला सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.