अर्धं शटर

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आज गल्लीत मयत झाली आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचं शटर अर्धंच खाली आलं. शेजारी म्हणाला, "बघा काका, माणूस गेला तरी यांचा धंदा चालूच."

"हे वाक्य माझं आहे आणि ते खोटं आहे," मी म्हणालो. दुकानवाल्या सुमनवहिनींबद्दल मीच ते गल्लीभर पसरवलं होतं. मयताच्या घरी चूल पेटत नाही. तिथल्या माणसांचा चहा या शटरखालून जातो. माझे वडील गेले तेव्हाही गेला होता. यापुढे कुणी माझ्यासमोर हे बोलूनच दाखवावं.

वहिनी आता नाहीत. सुनेची तरी माफी मागावी म्हणून वाकून आत गेलो. "काका, तुम्हाला बिनसाखरेचा ना?" म्हणत तिनं कप पुढे केला.

मी नुसतं "हो" म्हणालो.