थेंबकाकू आणि पाचाचा डबा

गॅरेजांच्या त्या रस्त्यावर काकू आल्या त्या फक्त आठ दिवसांसाठी. भाऊजींच्या, म्हणजे त्यांच्या धाकट्या दिराच्या, तेलाच्या दुकानातला काउंटरवरचा माणूस न सांगता-सवरता निघून गेला होता. दुसरा मिळेपर्यंत वहिनींनी बसावं असं ठरलं आणि वहिनी बसल्या. त्याला या हिवाळ्यात अकरा वर्षं झाली. माणूस शोधतोय, असं भाऊजी अजूनही म्हणतात. ते शोधताना कुणी पाहिलेलं नाही.

तोवर काकूंना तेल माहीत होतं ते कढईतलं. पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने ग्रीस मागितलं, तेव्हा त्यांनी साध्या मनाने विचारलं, कशाला लावायचंय? त्याला सांगता येईना. तो जाऊन विचारून आला, आणि मग कळलं की चाकाच्या तापणाऱ्या बेअरिंगमध्ये तो दोन वर्षं बिजागरीच्या लायकीचं ग्रीस भरत होता. तेव्हापासून काकू प्रत्येकाला तोच प्रश्न विचारतात. भोळा प्रश्न विचारायची लाज नसणं, हे त्यांचं सगळं भांडवल. शहाण्या माणसांकडे ते नसतं, म्हणून शहाणी माणसं फसतात.

पुढे एकदा तेल कंपनीचा एक म्हातारा रसायनतज्ज्ञ माहिती द्यायला दुकानात आला. भाऊजी जांभया देत होते. काकू मात्र वही घेऊन समोर बसल्या. त्याने इंजिनातल्या तेलाचा एक थेंब टीपकागदावर टाकून दाखवला. तेल धड असेल तर थेंब मऊ, सारखा पसरतो. काजळी पेलेनाशी झाली की मधोमध काळा ठिपका बसतो आणि त्याला करकरीत कड येते. तेलात डिझेल मिसळत असेल तर भोवती फिकट झालर दिसते. म्हातारा चहा पिऊन गेला आणि काकूंनी माळ्यावरून शाईपेनच्या काळातला टीपकागदांचा गठ्ठा खाली काढला.

आज त्यांच्याकडे चार जाडजूड वह्या आहेत. पानोपानी थेंब, थेंबाखाली गाडीचा नंबर, तारीख, किलोमीटर. रस्ता त्यांना थेंबकाकू म्हणतो. आधी चिडवायला म्हणायचा, नंतर तेच नाव पडलं.

समोरच्या गॅरेजातल्या उस्तादांना हे सगळं थोतांड वाटायचं. चाळीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस. तेल चिमटीत घेऊन अंगठ्याने चोळायचं, हीच त्यांची प्रयोगशाळा. तेल घट्ट तर इंजिन घट्ट, हा त्यांचा कायदा, आणि सबंध रस्ता त्या कायद्याने चालायचा. कानामागून आली आणि तिखट झाली, असं ते काकूंबद्दल म्हणायचे, आणि काकूंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे.

गोष्ट खरी पेटली ती पाववाल्याच्या पिकअपवरून.

पाववाला घाटापलीकडच्या उंचावरच्या गावात राहायचा. बेकरी तिथलीच. पहाटे पाव भरायचा, घाट चढायचा, उतरायचा आणि साडेसातला शहरात पोचवायचा. हिवाळ्यात त्या गावात बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरते. उस्तादांचं घट्ट तेल त्या थंडीत इतकं जड व्हायचं की सेल्फ मारला तर इंजिन नुसतं कण्हायचं. मग गावातले सगळे डिझेलवाले जे करतात तेच तोही करायचा. पत्र्याच्या डब्यात तेलकट चिंध्या पेटवून इंजिनाखाली सरकवायच्या आणि शेकत बसायचं. आगीशी खेळ, पण पिढ्यान्‌पिढ्या चाललेला, म्हणून कुणाला खेळ वाटत नव्हता.

काकूंनी त्याला गाडीची पुस्तिका मागितली. ती डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत, आली तशी बंद होती. काकूंनी पिशवी फाडली, चष्मा लावला आणि अर्धा तास गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून वाचलं. मग इंजिनासाठी सिंथेटिक तेल काढलं, तेही कमी राखेचं, कारण या गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी जाळी होती आणि राखेने ती तुंबते. गिअरबॉक्ससाठी वेगळा डबा, मागच्या क्राउनसाठी, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या दातेरी चक्रासाठी, वेगळा, सांध्यांसाठी ग्रीस. सगळं नेहमीच्या तिप्पट महाग. पाववाल्याने मान खाजवली, पण घेतलं.

उस्तादांनी ते तेल चिमटीत चोळलं आणि पाणी आहे पाणी, असं जाहीर केलं. त्यावर काकू जे बोलल्या ते रस्त्याला अजून पाठ आहे.

“उस्ताद, तुमची बोटं माणसाची आहेत. इंजिनात पाणी उकळेल इतकी आच असते. तिथं तेल कसं वागतं ते चिमटीत कसं कळणार? डब्यावर दोन आकडे असतात. पहिला थंडीचा, दुसरा तापल्यावरचा. हे तेल थंडीत वाहतं आणि तापल्यावर हवं तेवढंच पातळ होतं. तुमचं थंडीत दगड होतं.”

चार दिवसांनी पाववाला धावत आला. तेल काळंकुट्ट झालं होतं. उस्ताद रस्त्यापलीकडून हसले. काकूंनी थेंब टाकला. तो सारखा, मऊ पसरला. केर काढल्यावर केरसुणी पांढरी राहते का, असं त्यांनी विचारलं. जुन्या तेलाने बसवलेली घाण नवं धुऊन काढत होतं. पाववाला निवांत परत गेला.

पण तीन आठवड्यांनी तो आला तेव्हा त्याच्या तोंडाचा रंग उडाला होता. घाटात दुसरा गिअर पडेना. पडला तर दात करकरून पडायचा. दोनदा गाडी चढावर बंद पडली, दोनदा पाव उशिरा पोचले. उस्तादांनी निदान सांगायला क्षणही घेतला नाही. पातळ तेलाने गिअरबॉक्स खाल्ला. बातमी दुपारपर्यंत रस्ताभर झाली आणि तीन जुन्या गिऱ्हाइकांनी समोरच्या बाजूच्या दुकानातून तेल नेलं.

भाऊजी वाईट माणूस नाहीत, घाबरट आहेत. घाबरट माणूस निर्णय फार पटकन घेतो. ते गल्ल्याजवळ आले आणि खाली बघत म्हणाले, “वहिनी, परवापर्यंत ही गाडी नीट झाली नाही, तर तुम्ही मागचं गोदाम बघा. काउंटरवर मी बसेन.”

गोदामात रिकामे पिंप, उंदीर आणि एक बल्ब होता. काकूंनी तेवढा दिवस काउंटर सांभाळला. घरी जाऊन मात्र त्या नवऱ्यासमोर रडल्या. अकरा वर्षं त्यांनी त्या काउंटरवर बसून एक गोष्ट मिळवली होती. लोक त्यांना विचारायला येत होते. त्रेपन्न वर्षांच्या आयुष्यात त्याआधी त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं, स्वयंपाक काय आहे हे सोडून. नवरा बसवर कंडक्टर, कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, तुझ्या वहीत बघ, तू नेहमी बघतेस तसं.

दुसऱ्या दिवशी काकू वही आणि टीपकागद घेऊन रस्ता ओलांडून थेट उस्तादांच्या गॅरेजात, पिकअपखालच्या खड्ड्यापाशी उभ्या राहिल्या. गिअरबॉक्समधलं तेल काढा, म्हणाल्या. उस्तादांनी नाक मुरडलं, पण बघ्यांची गर्दी जमली होती, त्यामुळे खड्ड्यात उतरावं लागलं. तेल थाळीत पडलं. काकूंनी थेंब टाकायच्या आधीच मान वर केली. वास आला होता. काड्यापेटी ओलसर व्हावी तसा, गंधकाचा. अकरा वर्षांत त्यांच्या नाकाला डबे पाठ झाले होते, आणि हा वास मागच्या क्राउनच्या तेलाचा होता.

त्यांनी पाववाल्याकडे वळून शांतपणे विचारलं, कुठल्या डब्यातलं कुठं ओतलंस? तेल त्यानेच घरी ओतलं होतं, मजुरी वाचवायला. त्याचे डोळे भरले.

“काकू, एका डब्यावर चार होतं, एकावर पाच. चारापेक्षा पाच चांगलं ना? घाटात सगळे कष्ट गिअरबॉक्सच काढतो. म्हटलं, चांगलं ते त्याला घालावं.”

गर्दीत कुणी हसलं नाही, कारण तिथल्या प्रत्येकाने तेच केलं असतं. तो आकडा परीक्षेचा नव्हता, जातीचा होता. पाचातली तिखट औषधं क्राउनच्या जाड दातांसाठी. गिअरबॉक्समध्ये पितळेच्या कड्या असतात, एकमेकींना धरून वेग जुळवणाऱ्या. पाचाने त्या घसरायला लागतात आणि हळूहळू झिजतात. दोघांचं जेवण बदललं होतं, आणि तेही मायेपोटी.

“चूक माझीही आहे,” काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या. “पुस्तिका मी वाचली, पण डब्यावर कुठं घालायचं ते लिहून दिलं नाही. मला वाटलं, वाचेल तो.”

उस्ताद खड्ड्यातून वर येत म्हणाले की गोष्टी सांगायला ठीक आहेत, कड्या केव्हाच गेल्या असणार. काकूंना माहीत होतं की असं असूही शकतं. तीन आठवडे म्हणजे थोडेही नव्हेत. तरी त्या म्हणाल्या, हातच्या काकणाला आरसा कशाला? दोन्ही तेलं बदला, आपण घाटावर जाऊ. पहाटे गाडी चिंध्या न पेटवता सुरू व्हायला हवी आणि दुसरा गिअर आवाज न करता पडायला हवा. नाही झालं तर गोदामाची किल्ली मी आपणहून घेईन. उस्ताद पंच म्हणून यायला तयार झाले. हरण्याची शक्यता त्यांच्या हिशेबात नव्हती.

संध्याकाळी पुढच्या एकाच बाकावर तिघं बसून निघाले. मध्ये काकू, मांडीवर वही. चाळीस किलोमीटरांत उस्ताद एकदाच बोलले, खिडकी लावा म्हणून. दुसऱ्या गिअरला पाववाला हातच लावत नव्हता. तिसऱ्यात रेटत, पहिल्यात रांगत त्याने गाडी वर नेली. काकू पाववाल्याच्या आईकडे उतरल्या, उस्ताद बेकरीत भट्टीच्या उबेला.

पहाटे बेकरीच्या अंगणात सहा गाड्या उभ्या होत्या, काचा पांढऱ्या. पाच गाड्यांखाली डबे पेटले होते आणि माणसं हात शेकत बसली होती. पाववाल्याने आपल्या चिंध्यांच्या डब्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि किल्ली फिरवली. इंजिन एकदा कण्हलं. दुसऱ्यांदा किल्ली फिरली आणि गाडीने खाकरून घसा साफ केला, मग सरळ एकसुरी बोलू लागली. शेकणारे उठून उभे राहिले. त्यांच्या चिंध्या अर्ध्याही जळल्या नव्हत्या.

पण गिअर राहिला होता. पाव भरले, गाडी निघाली, आणि पहिल्या वळणानंतरचा उभा चढ समोर आला. पाववाल्याने क्लच दाबला. उस्तादांनी डोळे मिटले. चाळीस वर्षांचा कान त्यांनी गिअरबॉक्सला लावला. दांडी खाली आली. आवाज झाला नाही. दुसरा गिअर कपाटाचा खण आत सरकावा तसा बसला आणि गाडी चढू लागली. पुढच्या वळणावर पुन्हा, त्याच्या पुढच्या वळणावर पुन्हा. सातव्या वळणापर्यंत पाववाला मोठ्याने हसत होता आणि काकू त्याला रस्त्याकडे बघ म्हणून रागावत होत्या, पण हसत त्याही होत्या. उस्तादांनी डोळे उघडले. खिंडीत पोचल्यावर ते एवढंच म्हणाले, “कड्या जिवंत आहेत.”

पाव सव्वासातला पोचले. करंड्यांना हात लावला तर अजून ऊब होती.

काकू दुकानापाशी उतरल्या तेव्हा त्यांची खुर्ची काउंटरमागे नव्हती. भाऊजींनी ती आदल्या दिवशीच गोदामात नेली होती. घाबरट माणूस वेळेच्या आधी तयारी करतो. काकूंनी डबे काढले आणि प्रत्येकावर जाड पेनने लिहायला लागल्या, उभ्यानेच. इंजिन. गिअरबॉक्स. मागचा क्राउन. आकडा वाचू नका, हे वाचा.

दहाच्या सुमारास रस्त्यापलीकडून उस्ताद आले. त्यांच्या हातात स्वतःच्या पिकअपची तेलपट्टी, इंजिनातलं तेल मोजायची, होती, सांडू नये म्हणून रुमालात गुंडाळलेली. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. उस्ताद त्यांच्या मागे उभे राहिले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. उस्तादांचा पीळ एवढाच उरला होता की त्यांनी छताकडे बघत नंबर लावला.

भाऊजींनी हे पाहिलं. ते आत गेले, खुर्ची डोक्यावर घेऊन बाहेर आले, ती काउंटरमागे ठेवली आणि खांद्यावरच्या फडक्याने पुसली. मग गोदामाची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

काकू बसल्या. उस्तादांची पाळी आली तेव्हा त्यांनी टीपकागद पुढे सरकवला आणि थेंब पडायची वाट पाहिली. मधोमध काळा ठिपका बसला, त्याला करकरीत कड. दोघांनीही तो पाहिला, दोघांनाही तो वाचता आला.

“गाडीची पुस्तिका आणलीत?” काकूंनी विचारलं.

उस्तादांनी बगलेतून ती काढून काउंटरवर ठेवली. प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, नऊ वर्षं बंद. काकूंनी चष्मा लावला आणि पिशवी फाडली.