द्रुझ्बा नावाचा थांबा

कारळं भाजायला घेतली, की त्या खमंग, जराशा कडवट वासानं मी मुखेडच्या माझ्या स्वयंपाकघरातून थेट रशियातल्या एका बसथांब्यावर जाते. प्रत्यक्षात मी तिथं कधीच गेलेले नाही.

माझ्या मैत्रिणीनं, वर्षानं, आणि मी लातूरला एकाच खोलीत राहून डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी केली. गावाकडून एसटीनं येणारा डबा दोघींचा एकच. चटणी संपली, की तळ बोटानं पुसून चाटायचा मान आळीपाळीनं. इथं नंबर दोघींचाही लागला नाही. ती रशियाला शिकायला गेली, मी डीएड केलं. जाताना तिला कारळाची चटणी डबाभर दिली.

त्या हिवाळ्यात तिचा व्हिडिओ कॉल आला. ती बसथांब्यावर उभी, मागं बर्फच बर्फ.

"ही पाटी बघ. द्रुझ्बा. आमच्या हॉस्टेलचं नावबी हेच, कोपऱ्यावरच्या हॉटेलचंबी. म्हंजे मैत्री गं."

शेजारी लोकरी टोपीतली एक पोरगी माझ्या डब्याचा तळ बोटानं पुसून चाटत होती.

"ही माझी रूममेट. तुझी चटणी लई आवडली हिला."

"बरं झालं," मी म्हणाले. "इथं रेंज न्हाई गं." आणि फोन ठेवला. रेंज चांगली होती.

पाटी दाखवायला वर्षानं हातमोजा काढला होता. अक्षरांवरून फिरणारं तिचं बोट थंडीनं लालबुंद झालं होतं, हे आता कळतं.

तरी कारळं भाजताना आधी आठवतं ते त्या दुसरीचंच बोट.