नळीचे दबलेले तोंड

माझ्या हातांतली ताकद गेली, म्हणून सायकलचा ब्रेक लागत नव्हता, असे माझा मुलगा सर्वांना सांगतो. ते साफ खोटे आहे.

सायकल विकण्याचे घरात ठरले, तेव्हा मी ती द्वारका चौकातल्या एका अनोळखी सायकल मिस्त्रीकडे नेली. ब्रेकची तार जिच्यातून जाते, ती नळी महिन्यापूर्वी मीच घरी बदलली होती. चष्मा कपाळावर सारून त्याने तिचे टोक डोळ्यांशी धरले.

"बाबा, ही कशानं कापली?"

"पकडीने. आणि माझ्या हातांत ताकद आहे."

"हे की. हात ठणठणीत हे तुमचे, पक्कड चुकीची हे. खिळे उपटायला ठेवा ती. नळीचं तोंड पार दाबलंय, तार सरकंल कशी?"

त्याने नवी नळी केबल कटरने कापली, टोक कानशीने सपाट केले आणि टोच्याने तोंड मोकळे केले. मी दोन बोटांनी ब्रेक दाबला. चाक जागीच थांबले.

"घरीच करायचं तर असं कटर घ्या. मग माझ्याकडं यायची गरज नाय."

सायकल घरात राहिली. मी सहसा कोणाचे उपकार मानत नाही, त्याचे मानतो. पक्कड मी निवडली होती, हे त्याला पुरते ठाऊक होते. तरीही त्याने सगळा दोष तिच्यावरच टाकला.