टाळू भरली आहे का?

तो फॉर्म कुणी लिहिला ते मला आजही कळलेलं नाही. कळलं असतं तर त्या माणसाच्या कडेवर बाळ देऊन त्याला भर उन्हात कोंडाणे गावाच्या वरच्या वाडीपर्यंत चालत नेलं असतं.

कर्जतकडच्या एका दवाखान्यात मी नर्स होते. आठवड्यातून एकदा शहरातून डॉक्टर यायचे, तान्ह्या बाळांच्या डोक्याची सोनोग्राफी करायला. टाळूवर हाड जुळलेलं नसतं, तेवढ्या मऊ जागेतूनच मशीनला आतला मेंदू दिसतो. डॉक्टर कायम घाईत, त्यामुळे कुणाला आत पाठवायचं ते बाहेर फॉर्मवरच ठरायचं. त्यातला चौथा प्रश्न होता, 'टाळू भरली आहे का? हो / नाही.'

त्यांना विचारायचं होतं, टाळू फुगून वर आली आहे का, म्हणजे आत पाणी साठलंय का. पण आमच्याकडे टाळू भरणं म्हणजे बाळाच्या टाळूवर कोमट तेल घालून बोटांनी जिरवणं. मीही माझ्या लेकीची भरली आहे. त्यामुळे प्रत्येक आई ठसक्यात सांगायची, "भरली तर! रोज भरते."

पहिल्या दिवशी मी सगळ्यांच्या फॉर्मवर 'हो' केलं आणि सगळी बाळं आत पाठवली. डॉक्टर बाहेर येऊन सगळ्यांसमोर माझ्यावर खेकसले, "सिस्टर, डोकं वापरा जरा. ठणठणीत बाळं कशाला पाठवता?"

मग मी डोकं वापरलं. आई काहीही म्हणो, मी 'नाही'वर खूण करायला लागले. प्रश्न बदला, एवढं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. बाळाच्या डोक्याला बोट लावून बघायचं, तर तेही केलं नाही. फॉर्मचा राग येतोच, पण स्वतःचा त्याहून जास्त येतो.

असंच एकदा वाडीवरची एक आई आली. चार महिन्यांची मुलगी फडक्यात बांधून डोंगर उतरून, पुढे टेंपोने आलेली. मी मान वर न करता विचारलं, "टाळू भरली का गं?"

"लय भरलीय, ताय," ती म्हणाली. आणखी काहीतरी तेलाचं सांगत होती. मी 'नाही'वर खूण केली, कागद तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "काही नाही झालेलं. जा घरी."

महिन्याभराने ती परत आली. मुलीची बुबुळं खाली वळलेली, वरचं पांढरं दिसत होतं. मी दारातूनच ते पाहिलं आणि फॉर्म बाजूला टाकून तिला थेट आत नेलं. डॉक्टरांनी टाळूवर जेल लावून मशीन टेकवलं. पडद्यावर मधोमध काळंच काळं दिसत होतं. ते सगळं पाणी.

शहरातून येणाऱ्या बायकांना 'अहो' म्हणणारे डॉक्टर तिच्यावर ओरडले, "आता आणतेस होय? इतके दिवस काय करत होतीस? तेल चोपडत बसली असशील!"

ती शांतपणे म्हणाली, "आनली व्हती ना. तवाच सांगितलं, टाळू भरलीय. मी त्याल घालायचं बी सोडलं व्हतं. थांबतच नवतं वर, खाली वघळायचं."

खळगाच उरला नव्हता, तर तेल थांबणार कुठे? इतक्या आयांमध्ये त्या प्रश्नाचं नेमकं उत्तर हिनेच दिलं होतं.

लसीच्या कार्डात जपून ठेवलेला कागद तिने पुढे केला. डॉक्टर तो बघून म्हणाले, "इथे तर 'नाही' आहे. खोटं कशाला बोलतेस?"

"ती खूण माझी आहे," मी म्हटलं. "ती खरं बोलतेय. प्रश्नच धड नाहीये तुमचा."

"ते नंतर बघू," म्हणून त्यांनी मुंबईला न्यायची चिठ्ठी लिहायला घेतली. ते नंतर कुणीच बघितलं नाही. पुढच्या आठवड्यात फॉर्मचा नवा गठ्ठा आला, त्यातही चौथा प्रश्न तसाच. मी प्रत्येक फॉर्मवर पेनाने 'भरली' खोडून 'फुगली' लिहीत बसले, दात-ओठ खात.

मुंबईत मुलीचं ऑपरेशन झालं, पाणी काढायला नळी बसवली. मधला तो महिना वाया गेला नसता तर किती फरक पडला असता, हे मी तिथल्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले.

काही महिन्यांनी कर्जतच्या बाजारात त्या मायलेकी भेटल्या. मुलगी अजून मान धरत नव्हती, आईने तिचं डोकं तळहातावर तोललं होतं. मला वाटलं, आता ही मला चार शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. तिने माझा हात धरला आणि मुलीच्या डोक्यावर नेऊन ठेवला.

"बग ना ताय, आता बसली का टाळू?"

त्या पोरीच्या टाळूला माझं बोट तेव्हा पहिल्यांदा लागलं.